स्ट्रॉबेरी-कोकम व्होडका: वसंतातल्या बैठकीसाठी राणी रंगाचं कॉकटेल

गुलाबी कॉकटेल करायचं ठरलं की बहुतेक घरांत गुलाबाच्या सरबताची बाटली बाहेर निघते. रंग झटक्यात येतो, पण मग ग्लासात व्होडका असो की दूध, चव त्या सरबताचीच लागते. फाल्गुन-चैत्रात महाराष्ट्रात तरी याची काही गरज नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आलेला असतो, फळ स्वस्त झालेलं असतं आणि आमसुलं तर वर्षभर डब्यात असतातच. या दोन्हींतून जो गुलाबी रंग निघतो तो कुठल्याही बाटलीपेक्षा सरस असतो, आणि त्याला स्वतःची चवही असते.

दोन्ही का? एकट्या स्ट्रॉबेरीवर भागत नाही का? पाक बरणीत लालभडक दिसतो, पण त्यात सोडा आणि बर्फ पडला की रंग नारिंगीकडे झुकतो आणि पेय फिकट, भगवट दिसायला लागतं. स्ट्रॉबेरीतलं रंगद्रव्य मुळात नारिंगीकडे कललेलं असतं. कोकमातलं किरमिजी असतं. ग्लासाला चमचाभर कोकमाचं पाणी पुरतं आणि रंग नारिंगीवरून सरळ राणी रंगावर येतो. शिवाय कोकमाचा आंबटपणा लिंबासारखा घोटाबरोबर संपत नाही, जिभेवर रेंगाळतो. त्यामुळे गोड पेयाला जो ढिलेपणा येतो तो इथे येत नाही.

एका ग्लासाचं माप

व्होडका ४५ मिली
स्ट्रॉबेरीचा कच्चा पाक २५ मिली
लिंबाचा ताजा रस २० मिली
कोकमाचं पाणी ५ मिली (एक छोटा चमचा)
थंडगार साधा सोडा ६० मिली
बर्फ: घुसळायला ६-७ खडे, ग्लासात ५-६ खडे

४५ मिली म्हणजे दीड पेग. घरी ३०-६० चा पेग मेजर असेल तर लहान बाजू एकदा भरून आणि एकदा अर्धी. नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं ५-१०-१५ च्या खुणा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वापरा, ते उत्तम चालतं. अंदाजाने ओतू नका. इथे लिंबात पाच मिलीचा फरक पडला तरी चव हलते, आणि व्होडकात अंदाज चुकतो तो नेहमी जास्तीकडेच.

पाक: न शिजवता

सगळं कॉकटेल या पाकावर उभं आहे, त्यामुळे घाई करायची नाही. बारा ग्लासांसाठी साधारण ६०० ग्रॅम स्ट्रॉबेरी आणा. देठ आणि खराब भाग काढल्यावर ५०० ग्रॅम उरली पाहिजे. डबा घेताना उलटा करून तळ पाहा. वरची फळं नेहमीच देखणी असतात, मार लागलेली आणि पाणी सुटलेली तळाशी असतात. देठाजवळ पांढरा पट्टा असलेलं फळ तोडताना कच्चं होतं. ते घरी ठेवून लाल झालं तरी गोड होत नाही, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. जातींतही फरक आहे. कामारोसा आतपर्यंत लाल आणि घट्ट असते, तिचा पाक गडद उतरतो. स्वीट चार्ली गोड, पण रंगाला नारिंगी आणि आंबटपणाला कमी. ती मिळाली तर कोकमाचं पाणी दीड चमचा घ्या. विक्रेत्याला जात माहीत नसली तर एक फळ उभं कापून पाहायचं. गाभा पांढरा निघाला तर पाकही फिकाच होणार.

फळं देठासकट धुवा, मग पुसून देठ काढा. आधी देठ काढून धुतलं की पाणी आत शिरतं आणि पाक पातळ होतो. देठाखालचा पांढरा, चवहीन भाग चाकूच्या टोकाने काढून टाका. प्रत्येक फळाच्या चार फोडी करा, फार बारीक चिरू नका.

काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात ५०० ग्रॅम फोडी आणि ३०० ग्रॅम साखर एकत्र करा, हलक्या हाताने वरखाली करा आणि झाकून ठेवा. तासाभरात फोडी चमकायला लागतात आणि तळाशी लाल रस जमतो. दोन तास बाहेर ठेवून मग रात्रभर फ्रिजमध्ये. मार्चअखेरच्या उकाड्यात पुणे-नागपूरकडे दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवलं तर रस आंबायला लागू शकतो. झाकण उघडताच बुडबुडे दिसले किंवा दारूसारखा वास आला तर तो पाक टाकून द्या.

सकाळी तळाशी विरघळायची राहिलेली साखर दिसेल. ती चमच्याने ढवळून विरघळवा, गॅसवर ठेवू नका. उष्णतेने स्ट्रॉबेरीचा रंग विटकरी होतो आणि ताज्या फळाचा वास जाऊन जॅमचा वास येतो. मग चहाच्या गाळणीतून गाळा. फोडी चमच्याने दाबायच्या नाहीत. दाबल्या की गर उतरतो आणि कॉकटेल गढूळ दिसतं. भांड्यावर गाळणी ठेवून अर्धा तास विसरून जा. साधारण ३५० ते ४०० मिली पाक मिळतो, लागतो ३००. कमी भरला तर उरलेल्या फोडींवर दोन-तीन मोठे चमचे पाणी घालून, हलवून पुन्हा गाळून घ्या.

गाळणीत राहिलेल्या फोडी फेकू नका. त्या गोड असतात, त्यांत व्होडकाचा थेंबही नसतो. पाडव्याच्या श्रीखंडात घाला, मुलं खूश.

मिक्सरमध्ये फळ फिरवून वेळ वाचवायचा मोह होतो. त्याने तीन घोटाळे होतात. बिया दळल्या जाऊन किंचित कडवटपणा येतो, हवा मिसळून रंग लवकर मळतो आणि सोडा ओतताच गरावर फेस चढून अर्धा ग्लास टेबलावर येतो. गर असलेलं पेयच हवं असेल तर सोडा वगळून बर्फाबरोबर फिरवा, पण मग ते वेगळं पेय झालं.

कोकमाचं पाणी

२५ ग्रॅम आमसुलं एकदा भराभर धुवा आणि १२० मिली कोमट पाण्यात तासभर भिजवा. हाताने हलकेच कुस्करा आणि गाळा. साधारण ८० मिली गडद, जांभळट लाल पाणी निघतं. बारा ग्लासांना ६० मिली लागतं, उरलेलं रंग कमी वाटल्यास हाताशी असावं. आमसूल मऊ, काळपट-जांभळं हवं. तपकिरी आणि चामड्यासारखं वाळलेलं जुनं आमसूल आंबटपणा देतं, रंग देत नाही.

कोकमाच्या बाटल्यांवरची नावं मात्र नीट वाचा. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीला वापरतात तो. तो घेतला तर निम्मंच माप: ग्लासाला अर्धा छोटा चमचा, बारा ग्लासांना ३० मिली आणि वर ३० मिली पाणी. थोडं मीठ या पेयात छान लागतं, फळाची गोडी उठून दिसते. पण आगळ पूर्ण मापाने घातलं तर लोकांना वाटेल, सोलकढीतच दारू ओतली आहे. अमृत कोकम म्हणजे साखरेचा तयार पाक, आणि त्यात बऱ्याचदा जिरं असतं. ते इथे नको. घरातली आमसुलंच खारवलेली असतील तर चव घेऊन ठरवा. ती असली तर इतर कुठूनही मीठ घालू नका.

भांड्याबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. कोकम, लिंबू किंवा तयार कॉकटेल तांब्याच्या, पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवायचं नाही. तांब्याचे मग फोटोत सुंदर दिसतात, पण आतून कल्हई किंवा स्टीलचा थर नसेल तर आम्लात धातू उतरतो. ॲल्युमिनियममध्ये रंगही निळसर, मळकट होतो. काच किंवा स्टील, बस.

रंग का जातो

दोन्ही फळांतली रंगद्रव्यं एकाच कुळातली, अँथोसायनिन. आम्लात ती लाल-गुलाबी असतात, आम्ल कमी झालं की जांभळट आणि मग निळसर-करडी. खात्री करायची असेल तर चमचाभर कोकमाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा: क्षणात फेस येतो आणि शाईच्या दौतीत शोभेल असा मळका रंग उरतो. म्हणून या पेयात लिंबू चवीपुरतं नाही. ‘जरा कमी आंबट कर’ म्हणून लिंबू निम्मं केलं तर पेय गोडमिट्ट होतंच, शिवाय रंगही मरगळतो. कोणाला आंबट जास्तच वाटलं तर ग्लासात पाच मिली पाक वाढवा, लिंबाला हात लावू नका.

यामुळेच सोड्याच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचावी. नुसतं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड असेल तर उत्तम. काही सोड्यांत सोडियम बायकार्बोनेट घातलेलं असतं. त्याने लिंबाचं आम्ल मारलं जातं, पेय खारट-सपाट लागतं आणि गुलाबीपणा उतरतो. लिंबाच्या चवीचं तयार शीतपेय सोड्याच्या जागी ओतू नका, पाकाची साखर आहेच. टॉनिक चालतं, पण त्याच्या कडवटपणात स्ट्रॉबेरी मागे पडते.

व्होडका आणि लिंबू

व्होडका साधी, वास नसलेली घ्या. फळांच्या स्वादाची नको, तिच्यातला कृत्रिम स्ट्रॉबेरी-रासबेरीचा वास खऱ्या फळाशी भांडतो. फार महागडीही लागत नाही, कारण कोकम आणि लिंबापुढे तिचे बारकावे कोणालाच कळत नाहीत. पण अगदी स्वस्तातली, नाकाशी नेताच स्पिरिट जाणवणारी, गोडाआड लपत नाही. दुसऱ्या घोटाला घशात कळते. भारतात बाटलीबंद होणाऱ्या व्होडकावर साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, बाहेरच्यांवर बहुधा ४०. इथलं माप ४२.८ धरून आहे.

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि व्होडकासारख्या कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. एक दिवसाचा परवाना वाइन शॉपमध्येच मिळतो, घेऊन ठेवावा. सणांच्या दिवसांत कोरडा दिवस आहे का ते पाहून बाटली आधीच आणलेली बरी.

लिंबं पातळ सालीची, हातात जड लागणारी कागदी घ्या. उन्हाळा चढला की लिंबू महागतं आणि रसही आटतो. एकातून १५ मिली निघाले तरी नशीब. बारा ग्लासांना २४० मिली म्हणजे सोळा ते वीस लिंबं. ओट्यावर तळहाताने दाबून फिरवून मग कापा. पिळताना साल चिरडेपर्यंत पिळू नका, सालीतला कडवटपणा उतरतो. बी गाळणीतून काढाच. रस त्याच दिवशी, शक्यतो चार-पाच तास आधी काढावा. आदल्या रात्री काढून ठेवलेला रस कडवट आणि शिळा लागतो, आणि बाटलीतला टिकवलेला रस तर नकोच.

एकच ग्लास करताना

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची बरणी पुरते. त्यात व्होडका, पाक, लिंबू, कोकमाचं पाणी आणि ६-७ खडे बर्फ घालून झाकण लावा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. डब्यावर बाहेरून दव धरलं आणि हाताला गार सहन होईनासं झालं की थांबा. हा वेळ गारव्याइतकाच पाण्यासाठीही असतो: एवढ्या वेळात साधारण ३० मिली बर्फ वितळतो, आणि ते पाणी या मापाचा भाग आहे. पाच सेकंदांत थांबलात तर पेय टोचतं. फ्रिजमधून काढून बराच वेळ ठेवलेल्या, पाणी सुटलेल्या बर्फाने केलंत तर पचपचीत होतं.

३०० मिलीच्या उंच ग्लासात ताजा बर्फ भरा, गाळून ओता आणि वरून सोडा ग्लासाच्या कडेने हळू सोडा. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. खळखळ ढवळलं की सोड्यातला वायू उडून जातो. सोडा घालून डबा हलवायचा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

सजावटीला अर्धी स्ट्रॉबेरी खाच देऊन काठावर, किंवा पुदिन्याचा एक शेंडा तळहातावर टाळी मारून. पुदिना कुटू नका, हिरवे कण गुलाबीत घाण दिसतात. फुलवाल्याकडच्या गुलाबपाकळ्या अजिबात टाकू नयेत. ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात आणि त्यांच्यावर फवारणी झालेली असते. काठाला साखर-मीठ लावायचं असेल तर दोन छोटे चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ, तेही अर्ध्याच काठाला, म्हणजे नको असेल त्याला दुसऱ्या बाजूने पिता येतं.

बारा ग्लासांची तयारी

पाहुणे आल्यावर एकेक ग्लास हलवत बसलं की यजमानाची संध्याकाळ ओट्यापाशीच जाते. त्यामुळे सहा जणांना प्रत्येकी दोन या हिशेबाने आधीच मिसळून ठेवा:

व्होडका ५४० मिली
पाक ३०० मिली
लिंबाचा रस २४० मिली
कोकमाचं पाणी ६० मिली
पिण्याचं थंड पाणी ३६० मिली

एकूण दीड लिटर. यातलं पाणी बघून लोक दचकतात आणि ते वगळतात. हे तेच पाणी, जे घुसळताना बर्फातून आलं असतं. इथे घुसळणं नाही म्हणून ते मोजून घालायचं. ते नसेल तर पहिला ग्लास कडक, आणि बर्फ विरघळल्यावर शेवटचा घोट पांचट.

हे मिश्रण काचेच्या बाटल्यांत भरून किमान तीन तास फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना बाटली हलकेच उलटीसुलटी करा, कारण लिंबाचा गर तळाला बसतो. ग्लासात बर्फ, १२५ मिली मिश्रण, वर ६० मिली सोडा. ७५० मिलीची एक बाटली हिशेबाने पुरते, पण दोन आणा. उघडून अर्धा तास झालेल्या बाटलीत बुडबुडे उरत नाहीत. जगमध्ये सोडा आधीच मिसळून ठेवू नका.

फ्रीझरमध्ये मिश्रण ठेवलं तर पाच-सहा तासांत त्याचा बर्फाळ चुरा होतो. त्यात साधारण १५ टक्केच अल्कोहोल असतं, त्यामुळे ते नुसत्या व्होडकासारखं द्रवरूप राहत नाही. मुद्दाम तसा गोळा करून चमच्याने वाढायचा असेल तर पसरट डब्यात ठेवा आणि दर दोन तासांनी काट्याने खरवडा. काचेच्या भरलेल्या बाटलीत गोठवू नका. सोड्याची बाटली तर फ्रीझरमध्ये विसरलीत की फुटलीच.

बर्फ किती? लोक नेहमी कमी आणतात. बारा ग्लासांना आणि सोड्याच्या बाटल्या गार ठेवायला मिळून तीन किलो धरा. बाहेरून आणताना तो खाण्याचाच आहे ना, हे विचारा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळायचा नियम आहे, तेव्हा निळसर झाक दिसली तर तो फक्त बाटल्यांभोवती, ग्लासात नाही.

वेळेचं गणित, संध्याकाळी सातची बैठक असेल तर असं: आदल्या संध्याकाळी स्ट्रॉबेरीला साखर, सकाळी पाक गाळणं, दुपारी दोनला आमसुलं भिजत, तीनला लिंबं पिळून मिश्रण फ्रिजमध्ये, पावणेसातला चव. चव घेताना छोट्या ग्लासात बर्फ आणि सोडा घालूनच घ्या. नुसतं मिश्रण नेहमी जास्त गोड आणि जास्त आंबट लागतं, आणि त्यावरून दुरुस्ती केली की बिघडतं.

चवीच्या तक्रारी आणि उपाय

गोड झालं: एका ग्लासाला पाच मिली लिंबू. सपाट लागतंय, काहीतरी कमी आहे पण काय ते कळत नाही: चिमटीत मावेल त्याहून कमी मीठ. रंग नारिंगी: कोकमाचं पाणी थेंब-थेंब. रंग जांभळट: सोडा बदला किंवा भांडं तपासा. सगळं बरोबर असून पांचट: सोडा गार नव्हता, त्याने ग्लासातला बर्फ वितळवला. कडवट: लिंबं जास्त पिळली गेली. यावर उपाय नाही, थोडा पाक घालून झाकता येतं एवढंच.

मुलं, वडीलधारी आणि गाडी

या पेयाचा सगळ्यात मोठा धोका त्याचं रूप आहे. ते हुबेहूब कोकम सरबतासारखं दिसतं. चैत्रात घरी आलेली आजी किंवा खेळून दमलेलं पोर फ्रिज उघडून ग्लासभर ओतून घेईल, यात काहीच नवल नाही. व्होडकाच्या बाटल्यांना ठळक चिठ्ठी लावा, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मागे ठेवा आणि बिनदारूचं पेय निराळ्या आकाराच्या जगमध्ये, वेगळ्या टेबलावर ठेवा. बिनदारूच्या ग्लासाचं माप: पाक २५, लिंबू १५, कोकमाचं पाणी १०, थंड पाणी ४०, सोडा १२० मिली. हे मन लावून करा, उरल्यासुरल्यातून नको. न पिणाऱ्यांना नुसतं थंड पेय हातात देणं हे यजमानपण नव्हे.

ग्लासात शुद्ध अल्कोहोल साधारण १९ मिली, म्हणजे १५ ग्रॅम असतं. गोड-आंबटात ते जाणवत नाही आणि उकाड्यात लोक सरबतासारखं घटाघटा पितात. दोन ग्लासांवर थांबवा, मध्ये पाणी द्या. गाडी चालवणाऱ्यांसाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ६० किलो वजनाच्या माणसाची ती एकाच ग्लासात ओलांडली जाऊ शकते. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात बिनदारूचा ग्लास. होळी-रंगपंचमीची बैठक असेल आणि कोणी भांग घेतली असेल तर त्याला हे देऊ नका.

सोबत काय? आंब्याची डाळ आणि कोथिंबीर वडी छान जमतात. खारे शेंगदाणे, कैरी घातलेली भेळ, सुरळीची वडी, काहीही मध्यम तिखटाचं चालेल. ठेचा किंवा झणझणीत तळलेली मासळी असली की स्ट्रॉबेरी नावालाही उरत नाही. तिच्याबरोबर बिअर बरी.

स्ट्रॉबेरी संपल्यावर

एप्रिल मध्यावर आला की चांगली स्ट्रॉबेरी शोधावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त असताना पाक काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर दोन-तीन महिने सुखाने टिकतो. फ्रिजमध्ये मात्र पाच-सहा दिवसच. नंतर रंग तपकिरी व्हायला लागतो. लिंबाशिवाय मिसळलेलं व्होडका-पाक-कोकम दोन दिवस चालतं, लिंबू घातल्यावर त्याच रात्री संपवा.

पाकही नसेल तर कलिंगड. व्होडका ४५, कलिंगडाचा गाळलेला रस ६०, साखर आणि पाणी समप्रमाणात विरघळवलेलं १५, लिंबू २०, कोकमाचं पाणी ५ मिली. घुसळून वर सोडा फक्त ३०. कलिंगडाचा लाल रंग निराळ्या जातीचा, पाण्यात न विरघळणारा असतो. त्यामुळे रस ठेवला की तासाभरात लाल गर तळाला आणि वर पिवळट पाणी असे थर होतात. म्हणून याची मोठी बाटली करून ठेवू नका, रस काढला की लगेच वापरा.

परदेशात, जिथे वसंत एप्रिल-मेमध्ये येतो, तिथे आमसुलं भारतीय किराणा दुकानात मिळतात. तिथली लिंबं मोठी असतात, एकातून ३० मिलीपर्यंत रस निघतो, तेव्हा मोजून घ्या. ब्रिटन-युरोपात काही व्होडका ३७.५ टक्क्यांच्या असतात. तशी मिळाली तर ग्लासाला व्होडका ५० मिली घ्या आणि बारा ग्लासांच्या मापात ६०० मिली, पाणी ३००. सुपरमार्केटमधली स्ट्रॉबेरी दिसायला मोठी पण बरीचशी पाणचट असते. तिला साखर ३०० ऐवजी ३२० ग्रॅम लावा आणि रात्रभर झाकून ठेवण्याची वेळ कमी करू नका.